आईच्या अभंगांना देवळातला घुमारा द्यायचाय, ऑडॅसिटीत रिव्हर्ब कसा लावू?

मावळतीचा_सूर
आई ७४ वर्षांची आहे. जन्मभर भजनी मंडळात गायली, आता गुडघ्यांमुळे जाता येत नाही. दिवाळीत माहेरी गेले होते तेव्हा तिचे अकरा अभंग मोबाईलवर रेकॉर्ड केले. बेडरूममध्ये, दार लावून. तिचा आवाज आणि हातातले टाळ, बाकी काही नाही. आवाज स्वच्छ आलाय, पण फार कोरडा वाटतो. ती कायम आमच्या गावच्या दगडी देवळात गायची, माझ्या कानात तोच आवाज बसलाय.

ऑडॅसिटी या फुकटच्या ध्वनिसंपादन सॉफ्टवेअरमध्ये रिव्हर्बमधलं (घुमारा देणारा इफेक्ट) 'कॅथीड्रल' हे तयार सेटिंग लावून पाहिलं. पहिल्या दहा सेकंदांत अंगावर काटा आला, मग शब्दच कळेनात. टाळांचे ठोके एकमेकांत मिसळून गेले. लॅपटॉप जुना आहे, विकतचं सॉफ्टवेअर नको. कुठले आकडे ठेवू? तिच्या पंचाहत्तरीला सगळ्या नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवायचंय.

खर्ज
ताई, आधी मूळ फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर टाकून ठेवा. एकदा मिसळलेला रिव्हर्ब नंतर नीट काढता येत नाही, आणि हा आवाज पुन्हा मिळणारा नाही.

'कॅथीड्रल'मध्ये रिव्हर्बरन्स (घुमारा किती रेंगाळतो ते) ९० टक्के असतो आणि ड्राय गेन (मूळ आवाजाची पातळी) उणे २० डेसिबल. म्हणजे आईचा खरा आवाज मागे ढकललेला आणि पुढे नुसता घुमारा. शब्द हरवणारच. त्याच यादीत 'व्होकल १' आहे, तिथून सुरुवात करा. त्यात उलटं आहे: मूळ आवाज जसाच्या तसा, घुमारा १२ डेसिबल खाली.

पण मी सांगेन ते असं करा. ट्रॅक निवडून कंट्रोल-डी दाबा, दुसरी प्रत खाली येईल. फक्त त्या प्रतीवर रिव्हर्ब लावा आणि 'वेट ओन्ली'वर खूण करा. आता वर कोरडी आई, खाली नुसता घुमारा. खालच्या ट्रॅकला हाय-पास फिल्टर (खालचे जाड आवाज अडवणारा) २५० हर्ट्झवर आणि लो-पास फिल्टर (वरचे तीक्ष्ण आवाज अडवणारा) साधारण ५००० हर्ट्झवर लावा. टाळांचा तीक्ष्ण भाग वरच्या पट्टीत असतो, तो घुमाऱ्यात गेलाच नाही की ठोके मोकळे होतात. मग खालच्या ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करणारी पट्टी पूर्ण खाली ओढा आणि हळूहळू वर आणा. 'आता ऐकू येतोय' असं वाटलं की तिथून किंचित मागे या.

कुठे थांबायचं ते 'विठ्ठल' या शब्दावर ठरवा. 'ठ्ठ' म्हणताना जीभ टाळूला लागते आणि क्षणभर आवाज पूर्ण बंद होतो. त्या बारीकशा शांततेमुळेच तो ठ्ठ ऐकू येतो. घुमारा जास्त झाला की 'वि'ची शेपटी त्या फटीत शिरते आणि सगळा शब्द गुळगुळीत होतो. ठ्ठ ठसठशीत ऐकू येतोय तोवर तुम्ही बरोबर आहात. अभंगात शब्द गेला तर उरतं काय?

दगडी_ओवरी
खर्जदादांशी सहमत, एक भर. 'देऊळ' म्हटलं की लोक रूम साइज वाढवतात. आपल्या गावची देवळं मोठी नसतात हो. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे १० मिलिसेकंदांत साडेतीन मीटरसुद्धा नाही. लहान सभामंडपात पहिला परतावा इतक्या लवकर येतो. देवळाचा घुमारा येतो तो दगडामुळे, कारण दगड आवाज शोषत नाही. म्हणून रूम साइज ४० च्या आसपास, प्री-डिले (घुमारा सुरू होण्याआधीची फट) १० मिलिसेकंद आणि रिव्हर्बरन्स ५५-६० ठेवून बघा. शिवाय मंडप माणसांनी भरला की अंगावरचे कपडे बराच आवाज खातात. तुमच्या आठवणीतलं भजन भरलेल्या मंडपातलं असेल, तेव्हा तो घुमारा तुम्हाला वाटतो त्यापेक्षा कमी असणार.

आणि जमलं तर खरं देऊळच वापरा. मी आमच्या आजोळच्या देवळात पुजारीकाकांना विचारून, दुपारी कोणी नसताना एक फुगा फोडला आणि तो आवाज पूर्ण विरेपर्यंत रेकॉर्ड केला. रीपर हे ध्वनिसंपादनाचं सॉफ्टवेअर ६० दिवस विनामूल्य वापरून बघता येतं, त्यातल्या रिव्हर्बमध्ये (नाव 'रीआव्हर्ब') ती फाइल भरली. मग जे गाणं त्यातून काढाल ते त्या भिंतींतून आल्यासारखं येतं. माझ्या मावशीने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "हे आपलं देऊळ." मी तिला काहीच सांगितलं नव्हतं.

कोमल_निषाद
फुकटात ड्रॅगनफ्लाय रिव्हर्ब पाहा, मुक्त स्रोत आहे, ऑडॅसिटीत चालतो. त्यातला 'रूम' घ्या, 'हॉल' नको.

एक गोष्ट कोणी सांगितली नाही. प्रत्येक अभंगाच्या शेवटी चार-पाच सेकंद शांतता जोडा आणि मगच रिव्हर्ब लावा. नाहीतर शेवटच्या स्वराचा घुमारा फाइलबरोबर कापला जातो, फार वाईट वाटतं ऐकताना. आणि हेडफोनवर ठरवू नका. नातेवाईक फोनच्या स्पीकरवर ऐकणार, तिथेच तपासा.

मावळतीचा_सूर
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री एक अभंग केला. दोन ट्रॅक, रूम साइज ४०, रिव्हर्बरन्स ५५, खर्जदादांचे दोन्ही फिल्टर. टाळ सुटे झाले. फोनवर मात्र घुमारा जवळजवळ नाहीसाच झाला, म्हणून खालचा ट्रॅक २ डेसिबल वर घेतला. ठ्ठ अजून स्पष्ट आहे, तीनदा ऐकून खात्री केली.

आईला फोनवर ऐकवला. शेवटचा स्वर विरेपर्यंत ती काही बोलली नाही. मग म्हणाली, दुसऱ्या कडव्यात टाळ घाईत पडलाय, तेवढं पुन्हा म्हणते. पुढच्या महिन्यात जातेय. तेव्हा फुगाही नेणार आहे. दगडी_ओवरी, फोन फुग्यापासून किती लांब ठेवला होता?

दगडी_ओवरी
फुगा जिथे गायक बसतात तिथे, फोन श्रोते बसतात तिथे, साधारण पाच पावलांवर. फोनमधलं आवाज स्वच्छ करणारं सेटिंग आठवणीने बंद करा, नाहीतर विरणारी शेपटीच तो गोंगाट समजून पुसून टाकतो. तीन-चार फुगे न्या.