‘स्मॉल मार्केट’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न
एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, सामन्यांवर मराठीत लिहिताना एका शब्दाशी नेहमी अडतो. सॅन अँटोनिओ, ओक्लाहोमा सिटी, मिलवॉकी, मेम्फिस इथल्या संघांना तिकडे ‘स्मॉल मार्केट टीम’ म्हणतात. मी ‘छोट्या बाजारपेठेचा संघ’ लिहिलं, तर मित्राने विचारलं, तिथे दुकानं कमी आहेत का? सरळ ‘छोट्या शहराचा संघ’ लिहू का?

प्रतिसाद
‘छोटं शहर’ नको, अर्थच बिघडतो. 2020 च्या जनगणनेत सॅन अँटोनिओची वस्ती 14 लाखांवर होती, बॉस्टनची पावणेसात लाख. तरी लहान म्हणतात ते सॅन अँटोनिओला. कारण तिथे शहराची हद्द मोजत नाहीत. त्या शहराची टीव्ही केंद्रं जिथवर पाहिली जातात तो सगळा मुलूख मोजतात. बॉस्टनभोवती गावाला गाव लागून आहे. सॅन अँटोनिओच्या उत्तरेला ऑस्टिन आहे, पण ते वेगळं क्षेत्र धरलं जातं. स्थानिक प्रक्षेपणाचा पैसा, जाहिराती, स्टेडियममधल्या महागड्या जागा घेणाऱ्या कंपन्या हे सारं या मुलुखावर अवलंबून. देशभरच्या प्रक्षेपणाचा पैसा मात्र तीसही संघांत सारखा वाटला जातो.

आपल्याकडे यासाठी शब्द आहे की: पंचक्रोशी! शहर मोठं, पंचक्रोशी लहान.

प्रतिसाद
पंचक्रोशी सुरेख आहे. न्यूयॉर्कला लावताना जीभ थोडी अडखळेल, पण रुळेल.

मला जास्त खटकतं ते दुसरंच. अशा संघांबद्दल ‘स्पर्धात्मक राहू शकतात का’ असं लिहिलेलं वाचतो. किमती स्पर्धात्मक असतात. संघ तुल्यबळ असतो, नाहीतर ‘टिकतो’. आणि इथे मराठीने फार नेमकी जोडी दिली आहे: टिकणं आणि टिकवणं. 2025 ची अंतिम लढत ओक्लाहोमा सिटी आणि इंडियाना या दोन लहान पंचक्रोशींमध्ये झाली, सातव्या सामन्यापर्यंत ताणली गेली. म्हणजे टिकणं जमतं. अवघड आहे ते खेळाडू टिकवणं. याच ओक्लाहोमाने 2012 मध्ये जेम्स हार्डनला दुसऱ्या संघाला दिलं, 2016 मध्ये केविन ड्युरंट सोडून गेला. मिलवॉकीने 1971 ला विजेतेपद मिळवलं, पण करीम अब्दुल-जब्बारने स्वतःहून बदली मागितली आणि 1975 मध्ये तो लॉस एंजेलिसला गेला. पुढचं विजेतेपद थेट 2021 मध्ये, यानिस अँटेटोकुनपोने तिथेच राहण्याचा करार केल्यावर काही महिन्यांत. सॅन अँटोनिओची पाच विजेतेपदं टिम डंकन 19 हंगाम तिथेच राहिला म्हणून आहेत. वेतनमर्यादेचे (संघाने खेळाडूंच्या पगारावर किती खर्च करायचा याचे) नियम स्वतःच्या खेळाडूला राखण्यासाठी सवलत देतात, पण मन वळवणं नियमात बसत नाही. म्हणून ‘टिकवणं’ हे क्रियापद मथळ्यात यायला हवं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

प्रश्नकर्ता
दोघांचे आभार, जोडी तर लगेच वापरतो. आठवलं, 2019 मध्ये मुंबईत वरळीला एनबीएचे पहिले सामने झाले ते सॅक्रामेंटो आणि इंडियाना यांच्यात. दोन्ही लहान पंचक्रोशीचेच! आता एकच शंका: ‘पंचक्रोशीचा संघ’ की ‘पंचक्रोशीतला संघ’?

प्रतिसाद
‘चा’च. ‘तला’ म्हटलं की संघ सध्या तिथे आहे, एवढंच कळतं. सॅक्रामेंटोचाच संघ 2013 मध्ये सिएटलला जायला निघाला होता. महापौर आणि प्रेक्षक हटून बसले, मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे यांच्या गटाने संघ विकत घेतला आणि तो राहिला. सिएटलचा स्वतःचा संघ मात्र 2008 मध्येच ओक्लाहोमाला गेला होता, आणि सिएटलची पंचक्रोशी तर ओक्लाहोमाहून कितीतरी मोठी. तिथल्या प्रेक्षकांना विचारा, ‘तला’ आणि ‘चा’ यांत काय फरक आहे ते.