मदत हवी आहे : शाळेच्या बोर्डावर पुन्हा उभ्या राहिलेल्या शेजाऱ्यांचा प्रचार करावा का? (न्यू जर्सी)

अनघा_जर्सी

नमस्कार मंडळी. अमेरिकेत शाळेच्या बोर्डाच्या निवडणुकीत कुणी हात घातला असेल तर सल्ला हवाय. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गाव लहान आहे आणि इथल्या धाग्यांचे स्क्रीनशॉट फिरायला वेळ लागत नाही.

आमच्या समोर एक गोरे काका राहतात, निवृत्त इंजिनिअर. ते बोर्ड ऑफ एज्युकेशनवर, म्हणजे गावच्या सरकारी शाळांच्या निवडून आलेल्या समितीवर आहेत. तीन वर्षांची मुदत संपत आलीय आणि नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा उभे आहेत. जागा तीन, उमेदवार पाच. परवा कचऱ्याचा डबा आत नेता नेता त्यांनी विषय काढला. त्यांना आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत दोन मिनिटं बोलायचंय, आमच्या घरी एका संध्याकाळी आठ-दहा देशी कुटुंबांना चहाला बोलावलं तर हवंय, आणि आमच्या अंगणात त्यांच्या नावाची पाटी लावायचीय. माणूस सज्जन आहे. बर्फ पडला की आमच्या सासूबाई उठायच्या आत आमच्या पायऱ्या साफ झालेल्या असतात.

आता घोळ. मी मंडळाच्या कमिटीवर आहे. आमची रविवारची मराठी शाळा सरकारी मिडल स्कूलमध्ये भाड्याच्या वर्गांत भरते. भाडं वाढलं तेव्हा 'ना-नफा संस्थांचा दर वेगळा असतो, अमुक फॉर्म भरा' हे काकांनीच सांगितलं होतं. म्हणजे उपकार म्हटला तर उपकार.

दुसरीकडे याच काकांनी वसंतात बजेटला हो म्हटलं आणि त्यात आमची बस गेली. लेक सातवीत आहे. घरापासून शाळा पावणेदोन मैल, आणि मधला एक पट्टा असा की फुटपाथच नाही, पांढऱ्या रेषेच्या आतून चालायचं. रोज सकाळी मी गाडी काढते आणि रोज सकाळी मला काका आठवतात.

शिवाय धाकटे दीर एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहेत. ते म्हणतात, 'वहिनी, पत्रकं छापायचे पैसे मी देतो, माणूस आपल्याला धरून आहे.' नवरा ग्रीन कार्डवर. मी नागरिक झालेय, म्हणजे घरात मत एकच.

विचारायचंय ते असं : मंडळात बोलू द्यावं का? दिरांचे पैसे चालतील का? आणि या माणसाने तीन वर्षं नेमकं काय केलं हे कुठे बघायचं? पायऱ्यांवरचा बर्फ काढतो म्हणून मत द्यायचं नाहीये आणि बस गेली म्हणून सूडही उगवायचा नाहीये.

खारीबिस्किट

दिरांना आधी थांबवा. एच-वन, एफ-वन (विद्यार्थी व्हिसा), पर्यटक व्हिसा, यातल्या कुणालाही अमेरिकेतल्या कुठल्याच निवडणुकीत पैसे देता येत नाहीत. फक्त राष्ट्राध्यक्षाच्या नाही, गावच्या शाळेच्या बोर्डाच्यासुद्धा नाही. हा संघराज्याचा कायदा आहे. छापखान्याचं बिल परस्पर भरणं हेही पैसे देणंच झालं. ग्रीन कार्डवाले देऊ शकतात. मत मात्र ग्रीन कार्डवाल्यांना नाही. नवऱ्याला सांगून ठेवा, लायसन्सच्या ऑफिसात मतदार नोंदणीचा प्रश्न समोर आला तर नीट वाचून 'नाही' करायचं. गफलतीने झालेली नोंदणीही नागरिकत्वाच्या अर्जाच्या वेळी चांगलीच महागात पडू शकते.

दिरांना हौसच असेल तर पाट्या ठोकायला जाऊ देत. बिनपगारी श्रमदानाला बंदी नाही. फक्त पैसा कुठे खर्च करायचा असल्या प्रचाराच्या निर्णयांत त्यांनी पडायचं नाही.

वकील_नाही_तरी_सांगतो

मंडळाचं सांगतो. तुमचं मंडळ ५०१ सी ३ असणार, म्हणजे देणगीवर करसवलत मिळते ते. तसं असेल तर स्टेजवरून एका उमेदवाराला मतं मागू देता येत नाहीत. १९५४ पासूनचा नियम आहे. मंडळाची ईमेल यादी, मराठी शाळेच्या पालकांचा व्हॉट्सॅप ग्रुप, हे सगळं त्यातच धरा. 'आरतीनंतर दोन मिनिटं' हीच ती पळवाट, जिच्यामुळे पुढच्या वर्षी कमिटीत भांडणं होतात.

चालतं काय? पाचही उमेदवारांना सारखं आमंत्रण, सगळ्यांना तेच प्रश्न, सारखा वेळ, आणि मंडळाने कुणाची बाजू घ्यायची नाही. घरी चहा ठेवलात तर तो तुमचा खाजगी कार्यक्रम. तिथे मंडळाचं नाव, लोगो, सतरंजी काही नको. आणि चहा-सामोशांवर किती खर्च झाला ते काकांच्या प्रचाराच्या खजिनदाराच्या कानावर घाला, कारण वस्तूरूपातली मदतही हिशेबात धरली जाते.

पुण्याहून_मी

गंमत वाटली वाचून. आमच्याकडे महापालिकेचं शिक्षण मंडळ होतं तेव्हा त्याच्या सदस्यांना आम्ही थेट मत कधी दिलं नाही. आता शाळा व्यवस्थापन समिती असते, २००९ च्या कायद्याने तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला. ती कशी नेमतात हे विचाराल तर शिपाई येऊन सही घेऊन जातो. तुम्हाला उमेदवार घरी येऊन विचारतोय, तर चहा पाजा की! बस काढली म्हणून सुनवा आणि वर सामोसा द्या.

एकदा_पडलेली

मी न्यू जर्सीतच दुसऱ्या गावात उभी राहिले होते आणि पडले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी बोर्डाचा माणूस काय करू शकतो ते बघा. त्याला एक पैसा मिळत नाही, न्यू जर्सीत हे काम बिनपगारीच आहे. एकट्याला काही अधिकार नाही. मुख्याध्यापकाला फोन करून 'या मुलीला बस द्या' म्हणाला तर त्याचीच नीतिमत्तेच्या समितीकडे तक्रार होऊ शकते. बोर्ड सुपरिंटेंडंट, म्हणजे गावच्या सगळ्या शाळांचा प्रमुख अधिकारी नेमतं, धोरणं ठरवतं, बजेट मंजूर करतं, आणि तेही सभेत, सगळ्यांसमोर मत देऊन. त्यामुळे 'काकांनी आमच्यासाठी काय केलं' हा प्रश्नच सोडा. काकांनी कुठल्या ठरावाला काय मत दिलं, एवढंच बघायचं.

ते बघायला शाळांच्या डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर सभांची इतिवृत्तं असतात. प्रत्येक ठरावाखाली नावानिशी हो-नाही असतं. बऱ्याच ठिकाणी व्हिडिओही असतो. इतिवृत्तात फक्त मत कळतं, त्याआधी माणूस काय बोलला ते व्हिडिओत कळतं. मार्चमध्ये कच्चं बजेट येतं आणि एप्रिल-मेच्या सुमारास जाहीर सुनावणी होते. त्या दोन सभा बघा, बाकीच्या नाही बघितल्या तरी चालेल. जुनं काही सापडलं नाही तर ओप्राखाली, म्हणजे इथल्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली, कागद मागता येतात.

आता बस. राज्याचा नियम असा की आठवीपर्यंत दोन मैलांच्या पुढे आणि हायस्कूलला अडीच मैलांच्या पुढे घर असेल तरच बस द्यायची सक्ती आहे. तुमचं पावणेदोन, म्हणजे तुमची बस 'कर्टसी' बस होती. सौजन्याची. पैसे कमी पडले की सौजन्य सगळ्यात आधी जातं. कर वाढवायला वर्षाला २ टक्क्यांची मर्यादा आहे, आणि २०१८ च्या कायद्याने राज्याच्या मदतीची सात वर्षांत फेरवाटणी झाली, त्यात कित्येक गावांची मदत घटली. विमा आणि पगार थांबत नाहीत. मग बस, वाचनालय आणि खेळ यांच्यात कात्री फिरते.

पण एक धागा आहे तुमच्या हातात. जे डिस्ट्रिक्ट कर्टसी बस चालवतं त्याला धोक्याच्या रस्त्यांबद्दल धोरण करावं लागतं. रहदारी किती, गाड्यांचा वेग काय, फुटपाथ आहे का, असल्या गोष्टी त्यात येतात. काही गावं पालकांकडून पैसे घेऊन या बसच्या जागा देतात. तुमच्या गावात एकही कर्टसी बस चालू असेल तर ते धोरण मागा आणि तुमचा पट्टा त्यात का नाही ते विचारा. फक्त काकांना नाही, पाचही जणांना.

प्रचाराचं थोडक्यात. पत्रक कुणाच्या टपालपेटीत टाकू नका, तिकीट न लावता टाकणं हा गुन्हा आहे. दाराला अडकवा किंवा हातात द्या. 'खर्च अमक्याने केला' ही ओळ पत्रकावर हवीच. शाळेत मुलांच्या हातात काही देऊ नका. मतदानाच्या दिवशी केंद्रापासून १०० फुटांच्या आत पाटी, बिल्ला, बोलणं, काही नाही. आणि लोकांना एवढंच सांगत राहा की मतपत्रिकेच्या तळापर्यंत जा. २०१२ च्या कायद्यानंतर बहुतेक गावांनी ही निवडणूक एप्रिलमधून नोव्हेंबरमध्ये आणली. मतदार वाढले, पण वरची मोठी नावं भरून झाली की लोक निघून जातात. मी पडले ती तिथेच. (नेवार्कने मात्र एप्रिल सोडला नाही, आणि २०२५ पासून तिथे सोळा-सतरा वर्षांची मुलंही बोर्डासाठी मत देतात. मला हे फार आवडलं.)

बंड्या_टेक्सास

पाचांपैकी दिवाळीच्या सुट्टीचं आश्वासन कुणी दिलंय का? आमच्याकडे त्यावरच मतं फिरली.

एकदा_पडलेली

दिलंच असेल कुणीतरी. शाळेचे १८० दिवस भरावेच लागतात, दिवाळीची सुट्टी दिली तर जूनमध्ये एक दिवस वाढतो. कॅलेंडर मंजूर करणं हे बोर्डाचं सगळ्यात सोपं काम आहे. त्यावरून माणूस जोखू नका.

अनघा_जर्सी

सगळ्यांचे मनापासून आभार. दिरांना वाचून दाखवलं. ते जरा नाराज झाले, पण आता पाट्या ठोकायला हातोडी शोधतायत.

काल रात्री भांडी आवरून सुनावणीचा व्हिडिओ लावला. खोकल्याचे आवाज आणि मायक्रोफोनची खरखर फार, पण जे दिसलं ते लिहिते. बसचा विषय निघाल्यावर काकांनी एक नकाशा वर धरला. कॅमेऱ्यात धड दिसत नव्हता, पण रस्त्याचं नाव त्यांनी घेतलं, तो आमचाच पट्टा. बाकी बस काढा, या रस्त्यावरची एक गाडी ठेवा, त्यासाठी मैदानाच्या टर्फच्या (कृत्रिम गवताच्या) दुरुस्तीचे पैसे पुढच्या वर्षावर ढकला, अशी दुरुस्ती त्यांनी मांडली. ती चार विरुद्ध पाच मतांनी पडली. मग अख्ख्या बजेटवर मतदान झालं आणि त्याला त्यांनी हो म्हटलं.

डब्यापाशी बोलताना यातलं एक अक्षर त्यांनी सांगितलं नाही. आणि विरोधात मत दिलेल्या त्या पाचातल्या एक बाई याच वेळी पुन्हा उभ्या आहेत. त्यांच्या पत्रकावर पहिली ओळ आहे 'मुलांची सुरक्षितता'.

पुण्याहून_मी

मग प्रश्न मिटला. काकांना मत.

खारीबिस्किट

इतकं सोपं नाही. दुरुस्ती पडल्यावर ते बजेटला नाही म्हणू शकले असते.

एकदा_पडलेली

म्हणू शकले असते, आणि टाळ्याही मिळाल्या असत्या. पण बजेट कधीतरी पास व्हावंच लागतं. आधी लढून, हरून, मग हो म्हणणारा माणूस मला चालतो. सगळ्याला नाही म्हणून व्हिडिओ टाकणाऱ्यांबरोबर काम करणं किती कठीण असतं ते बोर्डावरच्या मैत्रिणींकडून ऐकलंय. पण मुलगी तुमची, रस्ता तुमचा, तुम्ही ठरवा. एक लक्षात ठेवा. तीन जागा म्हणजे तीन मतं द्यायलाच हवीत असं नाही. एकच नाव पक्कं असेल तर एकालाच द्या. बाकीची दोन मतं दिलीत तर ती तुमच्याच माणसाच्या प्रतिस्पर्ध्यांना जातात.

सदाफुली

भाड्याच्या वर्गांबद्दल कुणीच बोललं नाही. तो दर सगळ्या ना-नफा संस्थांना लागू असेल आणि त्यांनी फक्त फॉर्म दाखवला असेल तर ओझं बाळगू नका. पण चहाच्या वेळी 'काकांमुळे आपली मराठी शाळा चालते' असं कुणी बोलायला लागलं तर तिथेच थांबवा. ते त्यांनाच अडचणीचं होईल.

अनघा_जर्सी

हे बरं सांगितलंत, आमच्याकडचे दोघं-तिघं नेमकं तेच बोलले असते.

ठरलं ते असं. गणपतीत कुणीच बोलणार नाही. कमिटीत मतभेद झाले, खजिनदारांचं म्हणणं पडलं की दोन मिनिटांनी काय होतंय, पण ५०१ सी ३ चा मुद्दा काढल्यावर तेच सगळ्यात आधी गप्प झाले. त्याऐवजी ऑक्टोबरच्या सुरुवातीला मंडळातर्फे पाचही उमेदवारांची सभा, गावच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये, गावातल्या कुणालाही खुली. बस आणि फुटपाथ हा पहिला प्रश्न, दुसरा बजेटचा. दिवाळीची सुट्टी शेवटी, वेळ उरला तर.

सभा चालवायला मी नसेन, कारण घरचा चहा मी ठेवतेय. काकांना आज सांगितलं, चहा होईल, पाटीही लावा, पण त्या रस्त्याचं मी सगळ्यांसमोर विचारणार. ते म्हणाले, 'विचार, नकाशा अजून आहे माझ्याकडे.' सासूबाईंनी सामोसे रद्द करून बटाटेवडे ठरवलेत.

आता शेवटची मदत. सभेसाठी सूत्रसंचालक हवाय. गावाबाहेरचा, उमेदवारांपैकी कुणाला न ओळखणारा, इंग्रजीत नीट बोलणारा आणि दोन मिनिटं झाली की माणसाला थांबवू शकणारा. मिडलसेक्स किंवा सॉमरसेट काउंटीतलं कुणी असेल तर संदेश पाठवा.

वकील_नाही_तरी_सांगतो

मी सॉमरसेटमध्ये आहे, येतो. पाचही आमंत्रणं एकाच दिवशी, एकाच मजकुराची जाऊ देत, आणि त्यांच्या प्रती ठेवा. कुणी आलं नाही तर त्याची खुर्ची रिकामी ठेवून वर टोमणा मारायचा नाही, एवढी एक अट आहे माझी.