अन्ननलिकेचा कर्करोग : संशोधनाचा भर लवकर निदानावर हवा की उपचारांवर?

रानवारा (धागाकर्ती)

२०२२ साली जगभरात या कर्करोगाचे पाच लाखांवर नवे रुग्ण सापडले आणि त्याच वर्षी सुमारे साडेचार लाख माणसं त्याने गेली. हे दोन आकडे इतके जवळजवळ असणं हीच या रोगाची सगळ्यात वाईट गोष्ट आहे. कारणही माहीत आहे. अन्ननलिका ताणली जाते, त्यामुळे घास अडकायला लागेपर्यंत नळीचा बराचसा भाग गाठीने व्यापलेला असतो. तिला बाहेरून इतर पचनमार्गासारखं चिवट आवरणही नसतं, म्हणून गाठ तोवर भिंतीपलीकडे, लसिका ग्रंथींपर्यंत पोचलेली असते.

माझं म्हणणं असं की संशोधनाचा मोठा वाटा आता लवकर निदानाकडे वळायला हवा. केंब्रिजच्या रिबेका फिट्झजेराल्ड यांच्या गटाने केलेली स्पंजची चाचणी बघा. दोऱ्याला बांधलेली कॅप्सूल पाण्याबरोबर गिळायची, दोऱ्याचं दुसरं टोक बाहेर धरून ठेवायचं. जठरात काही मिनिटांत आवरण विरघळतं आणि आत दाबून बसवलेला स्पंज साधारण ३ सेंटिमीटरचा गोळा होऊन फुलतो. मग नर्स दोरा ओढते आणि वर येताना स्पंज अन्ननलिकेच्या पूर्ण लांबीवरच्या पेशी खरवडून आणतो. भूल नाही, दुर्बीण नाही. त्या पेशींत टीएफएफ३ हे प्रथिन सापडलं, तर सतत वर येणाऱ्या आम्लामुळे अस्तर बदललं आहे, म्हणजे 'बॅरेट' आहे, असा संशय घेऊन पुढे एंडोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने तपासणी, करतात.

२०२० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या 'बेस्ट-३' चाचणीत इंग्लंडमधल्या १०९ दवाखान्यांतले, ॲसिडिटीची औषधं घेणारे १३ हजारांवर लोक होते. स्पंज देऊ केलेल्या गटात बॅरेटचे १४० जण सापडले, नेहमीच्या पद्धतीत फक्त १३. शिवाय स्पंजच्या गटात चौघांच्या बॅरेटमध्ये पेशी बिघडायला लागल्या होत्या आणि पाच जणांचा कर्करोग पहिल्याच टप्प्यात पकडला गेला. दुसऱ्या गटात असा एकही नाही. एवढ्या लवकर सापडला तर छाती उघडावी लागत नाही, पुष्कळदा दुर्बिणीतूनच काम भागतं.

तळटीप

रानवारा, तुमची तळमळ पोचली, पण १४० जणांना बॅरेट सापडणं म्हणजे १४० जीव वाचणं नव्हे. २०११ च्या मोठ्या डॅनिश अभ्यासात बॅरेटचं कर्करोगात रूपांतर होण्याचं प्रमाण वर्षाला ०.१२ टक्के निघालं. म्हणजे हजारात एखादा. बाकीच्यांच्या वाट्याला काय येतं? आयुष्यभराचं 'रुग्ण' हे बिरूद, दर काही वर्षांनी दुर्बीण आणि रिपोर्ट येईपर्यंतचा घोर.

आणि त्या दुर्बिणीने जीव वाचतात का, हे तपासून झालं आहे. ब्रिटनमधल्या 'बॉस' चाचणीत बॅरेटच्या ३४०० हून जास्त रुग्णांचे दोन गट केले. एकाची दर दोन वर्षांनी एंडोस्कोपी, दुसऱ्याची गरज पडेल तेव्हाच. सुमारे १३ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर मृत्यूंच्या प्रमाणात म्हणावा असा फरक दिसला नाही.

उलट उपचारांनी काय दिलं ते बघा. २०१२ ची 'क्रॉस' चाचणी : नुसती शस्त्रक्रिया केलेल्यांचं मध्यम आयुर्मान (निम्मे रुग्ण निदान जितके जगले तो काळ) २४ महिने, आधी केमो-रेडिएशन देऊन शस्त्रक्रिया केलेल्यांचं ४९. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'एसोपेक'मध्ये ॲडेनोकार्सिनोमाच्या, म्हणजे बॅरेटमधून होणाऱ्या प्रकाराच्या, रुग्णांना शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर चार औषधांची केमो दिली, तर ६६ महिने. क्रॉस पद्धतीने उपचार झालेल्यांचे ३७. हे सगळं तपासलेलं, हातात आलेलं आयुष्य आहे.

रानवारा

'बॉस'मधल्या सगळ्यांना आपल्याला बॅरेट आहे हे आधीच माहीत होतं. 'गरज पडेल तेव्हा' या गटातल्याही निम्म्याहून जास्त लोकांची मधल्या काळात एंडोस्कोपी झालीच. त्या चाचणीने पाळतीच्या वेळापत्रकाबद्दल सांगितलं. ज्यांना काहीच माहीत नाही त्यांना शोधावं की नाही, हा प्रश्न तिने घेतलाच नव्हता.

आणि तुमचे २४, ४९, ६६ महिने कुणाचे आहेत? ज्यांची गाठ अजून काढता येण्याजोगी होती त्यांचे. रोग पसरल्यावर आलेल्यांना या चाचण्यांत प्रवेशच नव्हता. त्यांना या गटात आणायचं तर आधी सापडायला नकोत का ते?

पाळतीत काही सापडलं तर करण्यासारखंही आता खूप आहे. बॅरेटमध्ये सौम्य बिघाड असलेल्यांवर २०१४ च्या चाचणीत रेडिओलहरींच्या उष्णतेने अस्तर जाळण्याचा उपचार केला. तीन वर्षांत त्यांच्यापैकी १.५ टक्के लोकांना कर्करोग झाला, नुसत्या पाळतीवर ठेवलेल्यांपैकी ८.८ टक्क्यांना.

पाऊलवाट

तुम्ही दोघं एका प्रकाराभोवतीच फिरताय. बॅरेटमधून होतो तो ॲडेनोकार्सिनोमा, आणि तो मुख्यतः पाश्चात्त्य देशांचा प्रश्न. जगातल्या अन्ननलिकेच्या दर दहा कर्करोगांपैकी आठांहून अधिक स्क्वॅमस, म्हणजे अस्तराच्या मूळच्या चपट्या पेशींतून होणाऱ्या, प्रकारचे असतात. तंबाखू आणि दारू यांच्याशी त्याचं नातं पक्कं आहे आणि तो पूर्व आशियात आणि आफ्रिकेच्या पूर्व व दक्षिण भागांत ठाण मांडून आहे. टीएफएफ३ ची चाचणी त्याच्यासाठी बनलेलीच नाही.

त्यासाठीची युक्ती जुनी आणि साधी आहे. एंडोस्कोपी करताना अस्तरावर आयोडीनचं द्रावण फवारतात. निरोगी पेशींत ग्लायकोजेन (साखरेचा साठा) असतं, त्या तपकिरी होतात. बिघडलेल्या जागी ते कमी, म्हणून ती जागा फिकट राहते आणि बायोप्सी नेमकी तिथूनच घेता येते. चीनमधल्या त्सीश्येन परगण्यात ४० ते ६९ वयाच्या लोकांची अशी एकदाच तपासणी केली. दहा वर्षांत तपासणीच्या गावांत या कर्करोगाने ३.३५ टक्के लोक गेले, तुलनेच्या गावांत ५.०५ टक्के. तळटीप, लवकर निदानाने मृत्यू घटल्याचा पुरावा तुम्हाला हवा होता ना?

तळटीप

हवा होता, आणि हा मी गंभीरपणे घेतो. पण तिथे गावं निवडून तुलना केली होती, चिठ्ठ्या टाकून माणसं वाटली नव्हती. आणि तो जगातल्या सगळ्यात जास्त प्रमाण असलेल्या पट्ट्यांपैकी एक आहे. पाच टक्के मृत्यू असलेल्या ठिकाणी जे परवडतं ते हजारात एखादा रुग्ण असलेल्या ठिकाणी लागू करू नका, एवढंच माझं म्हणणं.

सुईदोरा

माझ्या मोठ्या भावाची अन्ननलिका काढली. जठर वर ओढून त्याची नळी करतात आणि गळ्याशी जोडतात. तो वाचला, त्याबद्दल मी डॉक्टरांची कायम ऋणी आहे. पण आता तो दिवसभर थोडं थोडं खातो, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करून झोपतो आणि जरा जास्त जेवला की घाम फुटून आडवा होतो. महिन्यांच्या हिशेबात हे कुठे धरता?

म्हणून मला नेदरलँड्सची 'सानो' चाचणी सगळ्यात मोलाची वाटते. केमो-रेडिएशननंतर ज्यांच्यात गाठीचा मागमूस उरला नाही, त्यांच्यातल्या काहींची लगेच शस्त्रक्रिया केली आणि काहींना कडक पाळतीवर ठेवलं. दोन वर्षांनी पाळतीवरचे ७४ टक्के हयात होते, शस्त्रक्रियेचे ७१ टक्के. कितीतरी लोकांची अन्ननलिका वाचली.

शल्यक

सुईदोराताई, तुमच्या भावाला होतो तो त्रास मी रोज बघतो, त्यामुळे हे लिहिताना मन घट्ट करावं लागतंय. या रोगात दोन वर्षं फार थोडी. पाळतीवरच्या बऱ्याच जणांची गाठ परत उगवली आणि मग शस्त्रक्रिया करावीच लागली. रेडिएशन होऊन बराच काळ गेलेल्या छातीत ऑपरेशन करणं अवघड असतं.

दुसरी अडचण वेगळीच. 'सानो'चा मार्ग केमो-रेडिएशनवर उभा आहे, आणि ॲडेनोकार्सिनोमासाठी 'एसोपेक'ने तर रेडिएशनशिवायची केमो सरस ठरवली. मग अशा रुग्णाला कोणता मार्ग सुचवायचा? स्क्वॅमसमध्ये मात्र ताईंच्या म्हणण्यात जोर आहे. 'क्रॉस'मध्ये स्क्वॅमसच्या ४९ टक्के रुग्णांच्या काढलेल्या अन्ननलिकेत कर्करोग उरलाच नव्हता. ॲडेनोमध्ये हा आकडा २३ टक्के. नळी वाचवण्याचं संशोधन आधी तिथे व्हावं.

रानवारा

शल्यक, हा फरक महत्त्वाचा आहे. माझा मूळ आग्रह मात्र कायम आहे. इंग्लंडमध्ये 'बेस्ट-४' सुरू झाली आहे, १ लाख २० हजार लोकांची. स्पंजमुळे या कर्करोगाचे मृत्यू कमी होतात का, हेच ती मोजणार आहे. तळटीप, तुम्ही मागता तोच पुरावा. मग अशा चाचण्यांवर खर्च करायला विरोध का?

तळटीप

चाचणीला विरोध नाही. निकाल लागायच्या आत तपासणी सरसकट सुरू करण्याला आहे. शिवाय तिथेही ॲसिडिटीची औषधं घेणाऱ्यांनाच बोलावलं जातंय. १९९९ च्या स्वीडिश अभ्यासात ॲडेनोकार्सिनोमाच्या रुग्णांपैकी ६० टक्क्यांना आठवड्यातून एकदा तरी जळजळ व्हायची. उरलेल्या ४० टक्क्यांना वारंवारचा त्रास नव्हताच. त्यांच्या हातात स्पंज कोण देणार? ते घास अडकल्यावरच येणार आहेत, आणि त्यांच्यासाठी तरी नवे उपचार शोधत राहावेच लागतील.