शब्दचर्चा : 'आढळ', 'नोंद' आणि रिकामा रकाना

खाडीकाठ, ऐरोली :

ऐरोली ते वाशी या पट्ट्यातल्या कांदळवनाच्या पाहणीसाठी मराठी नोंदपत्रक तयार करायचे आहे. भरणाऱ्यांमध्ये वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी आहेत, तसे खाडीत आयुष्य गेलेले कोळीवाड्यातले जाणकारही आहेत. पुढे हीच माहिती डार्विन कोअर या जैवविविधतेच्या नोंदींच्या ठरलेल्या साच्यात बसवून जीबीआयएफ या जागतिक जैवविविधता-माहितीच्या संकेतस्थळावर द्यायची असल्यामुळे रकान्यांचे शब्द सैल असून चालणार नाही. 'ऑकरन्स'साठी, म्हणजे एखादी जात एखाद्या जागी असण्यासाठी, आढळ, नोंद, उपस्थिती, वावर आणि अस्तित्व असे पाच शब्द समोर आहेत. 'अ‍ॅब्सेन्स'ला अभाव म्हणावे की अनुपस्थिती? 'अबंडन्स'ला विपुलता चालेल का? 'स्यूडो-अ‍ॅब्सेन्स' तर अडूनच बसला आहे.

येऊरपायथा, ठाणे :

पहिल्या प्रश्नाला 'आढळ'. तो शब्द पुल्लिंगी आहे : तिवराचा आढळ, कारवीचा आढळ. बाकीचे चार का नकोत तेही सांगतो. वावर हा हिंडणाऱ्या जिवाचा असतो, झाडाचा नव्हे, आणि विदर्भ-खानदेशातल्या वाचकाला वावर म्हणजे शेत. उपस्थिती वर्गात किंवा सभेत लागते. अस्तित्व फार भारदस्त आहे, ते पुराव्याने सिद्ध करावे लागते. 'नोंद' मात्र चांगला शब्द आहे, पण तो दुसऱ्या कामासाठी राखून ठेवा.

टंकताना एक काळजी घ्या. फोनचा कळफलक 'आढळ'चा 'अढळ' करतो. ध्रुवाचे ते अढळपद, आणि ज्याला आपण भेटतो, जे आपल्याला सापडते, त्याचा आढळ. पत्रक छापायला जाण्यापूर्वी हा एक शब्द शोधून तपासा.

नोंदवही, कोपरखैरणे :

'नोंद' राखून ठेवा हे अगदी बरोबर, आणि त्याचे कारण विस्ताराने सांगण्यासारखे आहे. आढळ ही निसर्गातली गोष्ट : अमुक जातीचे झाड, अमुक जागी, अमुक दिवशी. नोंद हे माणसाने केलेले काम. एका आढळाच्या तीन नोंदी होऊ शकतात. खाडीकिनारच्या एकाच चिप्पीचे फोटो तिघांनी आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकले, की तीन नोंदी. एकाच फांदीचे वाळवलेले नमुने दोन हर्बेरियममध्ये गेले आणि दोन्ही संस्थांनी आपापला संग्रह ऑनलाइन केला, की दोन नोंदी. इंग्रजीत या दोन्हींना 'ऑकरन्स'च म्हणतात आणि तिथेच घोळ होतो. जीबीआयएफवरून उतरवलेल्या तक्त्यात पाचशे ओळी असतील तर त्या पाचशे नोंदी आहेत. आढळ किती ते ठरवायला तारीख, जागा, नोंदवणारा आणि नमुना क्रमांक जुळवून पुनरावृत्ती काढावी लागते. मराठीत दोन वेगळे शब्द आयते मिळत असताना ते एकमेकांच्या जागी वापरू नयेत.

नोंदीचा प्रकारही रकान्यात यायला हवा. डार्विन कोअरमध्ये 'बेसिस ऑफ रेकॉर्ड' असते, त्याला 'नोंदीचा आधार' म्हणता येईल : प्रत्यक्ष पाहिले, की जतन केलेला नमुना. जुन्या नमुन्यांच्या चिठ्ठीवर नुसते 'ठाणा' एवढेच असते. ते शहर की जिल्हा? जिल्हा असेल तर १ ऑगस्ट २०१४ पूर्वीच्या ठाण्यात आजचा सगळा पालघर येतो, म्हणजे जव्हार-मोखाडाही. असा नमुना कुणीतरी नकाशावर टेकवताना जिल्ह्याच्या मध्यबिंदूवर टेकवतो, आणि मग डोंगरात कांदळ उगवलेले दिसते.

भरतीओहोटी, वाशी :

'अ‍ॅब्सेन्स'बद्दल. अभाव म्हणजे उणीव, टंचाई. पाण्याचा अभाव, पैशाचा अभाव. जे तिथे असायलाच हवे होते ते नसले की अभाव. काजळ्याचे झाड मोजणीच्या एखाद्या चौकटीत नसणे ही काही टंचाई नव्हे. अनुपस्थितीत पुन्हा हजेरीपट आलाच.

माझे मत असे, की इथे नाम शोधत बसू नये. मराठी क्रियापद हे काम कोणत्याही नामापेक्षा नेमके करते. किरकिरी या खारफुटीच्या झाडाबद्दलची ही चार वाक्ये शेजारी ठेवून बघा :

इथे किरकिरी आढळत नाही.
इथे किरकिरी आढळली नाही.
इथे किरकिरी अजून आढळलेली नाही.
इथे किरकिरी शोधली नाही.

पहिले वाक्य त्या जागेचा स्वभाव सांगते. ते म्हणायला बऱ्याच पाहण्यांचा आधार लागतो. दुसरे एका फेरीपुरते खरे आहे. तिसऱ्यात आजवरच्या सगळ्या फेऱ्या आल्या आणि पुढची शक्यता उघडी राहिली. चौथ्यात झाडाबद्दल काहीच कळत नाही, फक्त आपल्याबद्दल कळते. अहवालात पहिले वाक्य लिहिले जाते आणि हातात पुरावा दुसऱ्याचा असतो. विदाशास्त्रात ज्यावर ग्रंथ लिहिले गेले तो फरक आपल्याकडे 'त' आणि 'ल' यांच्यात आहे, आणि तरी आपण तो अहवाल लिहिताना पुसून टाकतो. याचे मला खरोखर वाईट वाटते.

येऊरपायथा, ठाणे :

याला आकड्यांचा आधार देतो. समजा, एका फेरीत एखादी जात असूनही दिसण्याची शक्यता ०.४ आहे. तीन फेऱ्यांत एकदाही न दिसण्याची शक्यता ०.६ × ०.६ × ०.६ म्हणजे जवळजवळ २२ टक्के. पाच फेऱ्यांनी ती ८ टक्क्यांच्या आसपास येते, सहाव्या फेरीनंतर ५ टक्क्यांखाली. तेव्हा तीन फेऱ्यांवर 'आढळत नाही' लिहिणे घाईचे आहे. मॅकेंझी आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडलेली ऑक्युपन्सीची पद्धत हेच करते : एकाच जागी पुन्हा पुन्हा फेऱ्या करून 'असण्याची शक्यता' आणि 'दिसण्याची शक्यता' वेगवेगळ्या काढते.

झाड पळून जात नाही, मग ते दिसणार नाही कसे, असे लोक विचारतात. येऊरच्या उतारावरच्या हबेनारिया किंवा सेरोपेजिया या कंदवनस्पती मे महिन्यात शोधून पाहा. कंद जमिनीत जिवंत असतो आणि वर काडीसुद्धा नसते. कारवीचे झुडूप बारमाही दिसते, पण ती साधारण सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. 'फुललेली आढळली नाही' आणि 'आढळली नाही' यांचे दोन रकाने नसतील तर मधली सगळी वर्षे वाया जातात.

भरतीओहोटी, वाशी :

खाडीत हेच काम पाणी करते. वीतभर उंचीची तिवराची रोपे भरतीत बुडतात. म्हणून पत्रकात फेरीची वेळ आणि ओहोटीची वेळ असे दोन रकाने हवेत, आणि उधाण की भांग हेही. हे दोन शब्द कोळीवाड्यात रोजचे आहेत, त्यांना संस्कृत प्रतिशब्द शोधू नका. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग. उधाणात ओहोटीही खोल जाते, चिखल जास्त उघडा पडतो, पण पाणी परत येते ते वेगाने. चौकट ओहोटी लागता लागताच मोजायला घ्यावी.

नोंदवही, कोपरखैरणे :

मग रकान्यात तीनच पर्याय छापा : 'आहे', 'शोधले, दिसले नाही', 'शोधले नाही'. संगणकात भरताना पहिल्याला 'प्रेझेंट', दुसऱ्याला 'अ‍ॅब्सेंट', आणि तिसऱ्याची ओळच पाठवायची नाही. दुसऱ्या पर्यायाबरोबर शोध कसा आणि किती घेतला ते दिलेच पाहिजे, नाहीतर त्या 'नाही'ला किंमत नाही : १० मी. × १० मी. चौकट, दोन माणसे, ४० मिनिटे. डार्विन कोअरमध्ये सॅम्पलिंग प्रोटोकॉल, सॅम्पल साइज आणि सॅम्पलिंग एफर्ट असे वेगळे रकाने यासाठीच आहेत. 'एफर्ट'ला मी 'शोधश्रम' म्हणतो. 'प्रयत्न' म्हटले की यशापयश आठवते.

सगळ्यात जास्त नुकसान इथेच होते : एक्सेलमध्ये 'शोधले नाही'चा खाना रिकामा सोडलेला असतो. आर या संख्याशास्त्राच्या आज्ञावलीत व्हेगन हे पॅकेज चालवले की ते रिकाम्या खान्यांवर अडते. घाईतला माणूस सगळ्या रिकाम्या जागी शून्य भरतो आणि आज्ञावली मुकाट चालते. त्या क्षणी न पाहिलेली प्रत्येक चौकट 'पाहिली, नाही' अशी होते. म्हणून कागदावर तीन वेगळी अक्षरे लिहा : आ, ना, आणि न शोधलेल्यासाठी आडवी रेघ. रिकामा खाना म्हणजे भरायचा राहिलेला खाना, एवढाच अर्थ ठेवा.

खाडीकाठ, ऐरोली :

फार उपयोगी. आता 'स्यूडो-अ‍ॅब्सेन्स'. 'छद्म' आणि 'मिथ्या' दोन्ही वापरलेले दिसतात.

येऊरपायथा, ठाणे :

दोन्हींत फसवणुकीचा वास येतो. इथे कुणी कुणाला फसवत नाही. प्रत्यक्ष 'नाही'च्या नोंदी हातात नसतात, म्हणून जात कुठे असू शकेल याचा नकाशा काढताना काही जागा हिशेबापुरत्या 'नाही' धरल्या जातात. यासाठी शब्द आपल्या सोसायट्यांत फिरतोच आहे : मानीव. मानीव अभिहस्तांतरण ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांना नवीन नाही. बिल्डरने करून दिले नाही, तरी कायद्याने केले असे मानायचे. तसेच 'मानीव अनाढळ'. 'अनाढळ' घडवलेला आहे हे मान्य, पण अर्थ लगेच लागतो.

नोंदवही, कोपरखैरणे :

'मानीव' उत्तमच. एक दुरुस्ती : असा नकाशा काढायला मॅक्सएंट ही आज्ञावली वापरणार असाल तर तिथे मानीव अनाढळ नसतो. तिथले बिंदू 'इथे नाही' असे म्हणत नाहीत, 'या प्रदेशात एकूण परिस्थिती कशी आहे' एवढेच सांगतात. त्यांना 'पार्श्वबिंदू' म्हणा. मॅक्सएंट आपणहून १०,००० घेते. हे बिंदू कुठून घ्यायचे ते मात्र आपण ठरवायचे असते. सगळा ठाणे जिल्हा दिलात तर मुरबाड-शहापूरचे डोंगर त्यात येतात, आणि प्रारूप 'तिवर समुद्रसपाटीजवळ असते' एवढेच शिकून भरघोस गुण मिळवते. पार्श्वबिंदू भरतीचे पाणी पोचते त्या पट्ट्यापुरतेच घ्या. गुण कमी होतील, पण नकाशा कामाचा होईल.

सफाईच्या टप्प्यावर अजून एक खड्डा आहे. कोऑर्डिनेटक्लीनर हे पॅकेज समुद्रात पडलेले बिंदू संशयित ठरवते. त्याच्या ढोबळ किनाररेषेत खाडी नीट बसत नाही, आणि कांदळवनाच्या खऱ्या नोंदीच आधी बाद होतात. समुद्राची ती चाचणी बंद ठेवा किंवा किनाऱ्याचा बारीक नकाशा द्या. मध्यबिंदू, शून्य अक्षांश-रेखांश आणि संस्थांचे पत्ते यांच्या चाचण्या चालू राहू द्यात.

भरतीओहोटी, वाशी :

अक्षांश-रेखांशाच्या रकान्यातही शब्दांची गल्लत होते. दशांशानंतर सहा आकडे लिहिले की लोक त्याला 'अचूक' म्हणतात. ती सूक्ष्मता झाली. चौथ्या दशांशाचे एक घर म्हणजे सुमारे ११ मीटर. दाट तिवराखाली फोनच ५ ते १५ मीटर चुकत असेल तर पुढचे आकडे नुसती शोभा आहेत. म्हणून 'अनिश्चितता, मीटरमध्ये' हा रकाना सक्तीचा करा आणि फोन दाखवतो तो आकडा त्यात लिहा. आयनॅचरलिस्टवर जागा झाकलेली नोंद असेल तर बिंदू ०.२ अंशाच्या चौकोनात कुठेही टाकलेला असतो, म्हणजे ऐरोलीच्या काठावरचे झाड जुहूच्या समुद्रातही दिसेल. तिथे अनिश्चितता पंचवीस-तीस किलोमीटरच्या घरात असते. अशा ओळी स्थानिक नकाशासाठी गाळाव्यात.

पानगळ, बेलापूर :

'जाती' आणि 'प्रजाती' यावर कुणीच बोलले नाही. मराठी विश्वकोशाच्या वनस्पतिनोंदींत प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज. वर्तमानपत्रांत हिंदीच्या वळणाने प्रजाती म्हणजे स्पीशीज. 'खाडीत तिवराच्या दोन प्रजाती' हे वाक्य विश्वकोशाच्या हिशेबाने चूक आहे : एव्हिसेनिया मरिना आणि एव्हिसेनिया ऑफिसिनॅलिस या एकाच प्रजातीच्या दोन जाती. पत्रकात 'जात' लिहा. सामाजिक अर्थामुळे संकोच वाटत असेल तर 'वनस्पतीची जात' लिहा, पण प्रजातीकडे वळू नका. कोवळ्या रोपावर जात ओळखता आली नाही तर 'एव्हिसेनिया, जात अनिश्चित' असे लिहावे. तो प्रजातीच्या पातळीवरचा प्रामाणिक आढळ आहे.

आणि 'कांदळ' हे नाव एकटे स्वीकारू नका. कांदळ म्हणजे रायझोफोरा, पण कांदळवन म्हणजे सगळे खारफुटीचे जंगल, आणि ठाणे खाडीच्या कांदळवनात भरणा तिवराचा आहे. नुसते 'कांदळ' लिहिलेली ओळ कुणाची ते नंतर कुणालाच सांगता येत नाही.

येऊरपायथा, ठाणे :

राहिला 'अबंडन्स'. विपुलता नको, कारण 'विपुलता कमी आहे' हे वाक्य स्वतःशीच भांडते. शिवाय आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकी पद्धतीत घनता आणि अबंडन्स वेगळे आहेत. उदाहरण घ्या. १० × १० मीटरच्या २० चौकटी, तिवर त्यातल्या ८ चौकटींत, एकूण झाडे १२०. वारंवारता ४० टक्के. घनता १२० भागिले २०, म्हणजे चौकटीमागे ६, हेक्टरी ६००. अबंडन्स १२० भागिले ८, म्हणजे १५ : जिथे आहे तिथे किती. कोळी बोलताना याला सरळ 'दाटी' म्हणतात. माझे मत 'दाटी'ला. कमी दाटी, जास्त दाटी, दोन्ही म्हणता येते.

भरतीओहोटी, वाशी :

'दाटी' मलाही पटते. फक्त पत्रकाच्या माथ्यावर 'एक झाड' म्हणजे काय ते लिहा. तिवराला बुडापासूनच चार-पाच खोडे फुटतात, तोडलेल्याला तर हमखास. एकाने खोडे मोजली आणि दुसऱ्याने झाडे, तर एकाच चौकटीची दाटी तिप्पट होते. 'झाडे' आणि 'खोडे' असे दोन रकाने द्या. घेर प्रत्येक खोडाचा वेगळा घ्या, जमिनीपासून १.३ मीटरवर, आणि व्यास हवा असेल तर ३.१४ ने भागा. टेप खोडाला आडवी आणि ताठ हवी. चिखलात उभे राहून ती खाली ओघळते, म्हणून १.३ मीटरवर खूण केलेली काठी सोबत ठेवा.

खाडीकाठ, ऐरोली :

रकाने असे ठरवतो : वनस्पतीची जात, नोंदीचा आधार, आ / ना / रेघ, झाडे, खोडे, घेर, अनिश्चितता मीटरमध्ये, शोधश्रम, फेरीची वेळ, ओहोटीची वेळ, उधाण की भांग. 'आढळ' हा शब्द पत्रकाच्या मथळ्यात येईल, रकान्यात नाही. रोपांसाठी १ × १ मीटरची वेगळी चौकट आहे. तिच्यात चिखलातून वर आलेल्या श्वसनमुळांची गर्दी असते आणि रोप व मूळ यांत चूक होते. पाने फुटलेले तेवढेच रोप धरायचे असे लिहू का?

भरतीओहोटी, वाशी :

हो, पण तिवराचे बी नुकतेच रुजलेले असताना दोन जाड दले दिसतात, खरी पाने नंतर येतात. 'दले किंवा पाने' असे लिहा. चिखलात नुसतेच पडलेले, मूळ न धरलेले बी मोजू नका.