काळी माती ऊन पिते, 'म्हणूनच' खानदेश तापतो?

तापीकाठचा
मे महिन्यात गावच्या ग्रुपवर एक नकाशा फिरत होता. जमीन किती ऊन परत फेकते ते उपग्रहावरून मोजून रंगवलेला. राजस्थान उजळ, आपला धुळे-जळगावचा पट्टा गडद. खाली मजकूर: 'काळी माती ऊन पिते, म्हणूनच भुसावळची भट्टी होते.' नकाशाशी माझं भांडण नाही, त्या 'म्हणूनच'शी आहे.

कोरडी काळी माती पडलेल्या उन्हातलं जेमतेम १०-१५ टक्के परत पाठवते, हे खरं. वाळवंटातली वाळू ३०-४० टक्क्यांपर्यंत जाते. मग थरचं वाळवंट गार असायला हवं की! १९ मे २०१६ ला ५१ अंशांची नोंद झाली ती राजस्थानात, फलोदीला. आणि मृगाचा पाऊस पडला की हीच माती भिजून आणखी काळी होते, म्हणजे ऊन आणखी पिते. तरी पारा उतरतो! एक तर आभाळ आलेलं असतं, आणि आलेली उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे खर्चायला पाणीच नसतं. दुखणं तिथे आहे.

गिरणाथडी
फलोदीचं उदाहरण फसवं आहे. दोन मुलखांची हवा वेगळी, वारा वेगळा. तुलना करायची तर एकाच शिवारात करा. वावर ती काळी आणि गावठाण ती पांढरी, हे नाव जुन्या माणसांनी उगाच दिलं का? मेमध्ये भर दुपारी दोन्हीवर अनवाणी उभे राहा, मग बोलू. धाब्याच्या (मातीच्या सपाट छपराच्या) घरावर खारी माती टाकायचे तीसुद्धा पांढरट. रंगाचा फरक पडतोच.

तापीकाठचा
खारी टाकायचे ती धाबं गळू नये म्हणून. पण पायाचं म्हणणं मान्य. पायाला चटका बसतो तो मातीचा; भुसावळचा पारा सांगतो तो हवेचा. या दोन गोष्टी नकाशाखालच्या मजकुराने एक करून टाकल्या.

रावेरची केळी
दोघांनाही एक विचारते. केळीची बाग लांबून गर्द हिरवी, जवळजवळ काळपट दिसते. नांगरून पडलेल्या काळ्या वावरापेक्षा ती जास्त ऊन परतवते की कमी? डोळ्याला वाटतं सारखंच. पण सूर्याची जवळपास निम्मी ऊर्जा डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त किरणांतून येते, आणि हिरवं पान त्यातला मोठा हिस्सा परत फेकतं. उपग्रहाला ते दिसतं. पिकाखालच्या जमिनीचा आकडा साधारण १५ ते २५ टक्के, म्हणजे उघड्या काळीपेक्षा वरच. वर ठिबकचं पाणी पानांतून उडतं ते वेगळं. तेव्हा रंग आणि पाणी दोन्ही बागेच्याच बाजूने आहेत, तुम्ही उगाच भांडताय.

कापूसवाला
भाऊ, मन्हं वावर अडीच एकर शे. त्या नकाशात माझं वावर कुठे? एक चौकोन म्हणे ५०० मीटरचा. म्हणजे २५ हेक्टर, ६२ एकरांच्या आसपास! त्यात शेजाऱ्याची केळी, माझ्या पऱ्हाट्या, नाला, रस्ता, सगळ्याची खिचडी. अशा आकड्यावर उद्या कोणी 'काळी झाका' अशी योजना काढली तर माझा विरोध आत्ताच लिहून ठेवा.

नकाशेवाला
तो ५०० मीटरचा आकडा 'मोडिस' या उपकरणाचा असणार. टेरा (डिसेंबर १९९९) आणि अ‍ॅक्वा (मे २००२) या नासाच्या दोन उपग्रहांवर ते बसवलंय. चौकोन मोठा ठेवल्यामुळे रोज पृथ्वी बघता येते, आणि रोज बघणं इथे फार गरजेचं. सूर्य पाठीशी घेऊन बघितलं की कपाशीचं शेत उजळ दिसतं, समोर घेतला की तेच गडद. झाडांच्या सावल्या दिसायला लागतात. उपग्रह एका वेळी एकाच कोनातून बघतो. म्हणून १६ दिवसांची निरीक्षणं एकत्र करून, सगळ्या दिशांना मिळून किती ऊन परतलं याचा हिशोब बसवतात. वाटेतल्या हवेचा, धुळीचा परिणाम आधी वजा करावा लागतो. ढग असले की निरीक्षण बाद, त्यामुळे जुलै-ऑगस्टचे आपल्याकडचे आकडे जरा जपूनच वापरावेत.

कापूसवाले भाऊ, तुमच्यासाठी सेंटिनेल-२ हा उपग्रह आहे. त्याचा बारीक चौकोन १० मीटरचा, म्हणजे साधारण एक गुंठा. पण रोज येत नाही, आणि कोनांचा हिशोब तिथे एवढा पक्का बसत नाही. बारीक दिसणं आणि वारंवार दिसणं एकाच उपग्रहाकडून मिळत नाही.

गिरणाथडी
हे पहिल्यांदा नीट कळलं. तरी माझा मुद्दा राहतोच. साक्रीला १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ पासून आहे. काळे पॅनेल आल्यावर ऊन वाढलं म्हणतात लोक. तुमचा उपग्रह काय म्हणतो?

नकाशेवाला
तिथले आकडे मी काढलेले नाहीत, त्यामुळे छातीठोक बोलणार नाही. पण पॅनेलखाली आधी काय होतं ते बघा. उजळ माळरान असेल तर फरक दिसेल. काळीच असेल तर गडदावर गडद, फार नाही.

तापीकाठचा
आणि पॅनेल पाणी उडवत नाही. (बघा, परत पाण्यावरच आलो.)

गिरणाथडी
या तुम्ही पाण्यावर. मी परवा पत्र्याला चुना मारला. दुपारी खाली बसवतं आता. फोटो टाकतो.

कापूसवाला
चुना किती लागला ते पण टाका.