राज्यसीमेआधी आलेली विद्यापीठाची सीमा

'परराज्यातल्या देणगीमागून राजकारण येतंच,' असं म्हटलं जातं. बेळगावात जरा उलटं झालंय. टिळकवाडीत आरपीडी क्रॉसवरून रोज जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं की जिच्या नावाचं ते आरपीडी कॉलेज, ती राणी पार्वतीदेवी सावंतवाडीची? सावंतवाडी तेव्हा वेगळं संस्थान, म्हणजे परकाच मुलूख! शेजारचं जीएसएस कॉलेज मुंबईच्या गोविंदराम सेक्सरियांच्या नावाचं. त्यावर कुणी भांडल्याचं ऐकिवात नाही.

भांडण लागलं ते सरकारी शिक्क्यावरून. कर्नाटक विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झालं, तेव्हा बेळगाव अजून मुंबई राज्यातच होतं. कन्नड जिल्ह्यांसाठी वेगळं विद्यापीठ हवं, ही मागणी कर्नाटक एकीकरणाच्या चळवळीतलीच. म्हणजे १९५६ च्या राज्य पुनर्रचनेची रेघ आधी डिग्रीवर उमटली, नकाशावर नंतर. २०१० चं राणी चन्नम्मा विद्यापीठ तर सरकारचंच, तिथे देणगीदार शोधून काय मिळणार?