टीएसएच मर्यादेत आला, तरी मन उभारी का धरत नाही?

प्रश्न : माझ्या पत्नीला हायपोथायरॉइडिझम (थायरॉइड ग्रंथी मंदावण्याचा आजार) आहे. सहा महिन्यांच्या नियमित लेव्होथायरॉक्सिननंतर (थायरॉइडची गोळी) रक्ततपासणीतला टीएसएच मर्यादेत आला. तरीही सकाळी दात घासून ती पलंगाच्या कडेला बसते आणि अर्धा-अर्धा तास तशीच बसून राहते. रिपोर्ट चांगला म्हणून घरचे तिला आळशी ठरवतात, याचे फार वाईट वाटते. आणखी काय तपासावे?

प्रतिसाद १ : तिचा त्रास खरा आहे, हे आधी तिला सांगा. टीएसएच हा मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीने थायरॉइडला दिलेला आदेश असतो. त्यावरून मनःस्थिती मोजता येत नाही, आणि तो मर्यादेत आल्यावरही काही रुग्णांचा थकवा व औदासीन्य टिकून राहते. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा), जीवनसत्त्व बी-१२ यांविषयी डॉक्टरांना विचारा आणि नैराश्याची स्वतंत्र तपासणी करून घ्या. लोह किंवा कॅल्शियम चालू असल्यास थायरॉइडच्या गोळीपासून 4 तासांचे अंतर ठेवा. थायरॉइडच्या गोळीचा डोस मात्र स्वतःहून वाढवू नका, कारण त्याने हृदयाची धडधड आणि हाडांची झीज ओढवते.

प्रतिसाद २ : मला कुशिंग सिंड्रोम (शरीरात कॉर्टिसोल हे संप्रेरक फार वाढण्याचा आजार) होता. शस्त्रक्रियेनंतर कॉर्टिसोल उतरले, चेहऱ्याची सूज गेली आणि सगळ्यांनी मला बरी झालेली मानले. पण आदल्या दिवशीचे बोलणे मला आठवत नसे. समुपदेशनाने पुष्कळ आधार मिळाला.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. ती कॅल्शियम नाश्त्याबरोबरच, म्हणजे थायरॉइडच्या गोळीनंतर तासाभरातच घेते, हे आत्ता लक्षात आले. पुढच्या भेटीत मी स्वतः सोबत जाईन.